कारणाचा रकाना

जुनं कनेक्शन परत करायचा अर्ज
एका पानाचा, पाठपोट.
नाव, पत्ता (शिंदे की छावणी, ग्वाल्हेर),
शेवटचं बिल भरल्याची तारीख,
आणि खाली दोन बोटं रुंद एक चौकोन:
कारण.

सिकरवारबाबू म्हणाले, कुछ भी लिख दीजिए,
इसे कोई पढ़ता नहीं.
त्यांच्या मागे कपाटावर परत आलेल्या फोनांचा ढीग,
आपापल्याच वायरीत गुंडाळलेले.
आमचा अजून पिशवीत होता,
मेथीच्या जुडीखाली.

नवी कंपनी परवाच घरी आली.
रिंकू कुशवाह, कानावर पेन्सिल, कमरेला ड्रिल.
भोक पाडलं ते नेमकं कॅलेंडरच्या खिळ्याशेजारी.
विटेचा भुगा फ्रिजवर, भुगा लोणच्याच्या झाकणावर,
आणि केसाएवढी काच भिंतीतून आत आली.
इसमें रोशनी दौड़ती है, आंटीजी,
असं म्हणाला, जणू सकाळी त्यानंच ती घासूनपुसून भरली होती.
फोन पण मिळाला सोबत, फुकट, पिसासारखा हलका.
नंबर मात्र नवा. वो वाला नहीं आ पाएगा.
संध्याकाळी वीज गेली तसा तोही गेला.
पुण्याहून भाच्यानं विचारलं, स्पीड किती?
म्हटलं, शंभर.
शंभर काय, ते मला माहीत नाही.
पण त्याचा चेहरा आता हलतो,
घास घेता घेता गोठत नाही.

जुन्या लाइनची बाजू मी घेणार नाही.
कुणी रस्ता खणला की आठवडाभर मुकी.
लाइनमनला एकदा चहा, एकदा पन्नास रुपये,
एकदा चक्क डोळ्यांत पाणी आणून दाखवलं.
हेच लिहावं चौकोनात. मावलंही असतं.

पण आमच्या नंबरात आणि गॅस एजन्सीच्या नंबरात
फरक शेवटच्या आकड्याचा.
त्यांचा आठ, आमचा सात.
पहिली दहा वर्षं मी राँग नंबर म्हणून आदळला.
मग आदळायचा कंटाळा आला.
मुरारचे भदौरियाजी, ज्यांना मी कधी पाहिलं नाही,
आठ फिरवताना त्यांचं बोट निसटायचं बहुतेक.
त्यांचा ग्राहक क्रमांक मी दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला
आणि बाजाराला जाताना एजन्सीच्या खिडकीत नोंदवायला लागले.
त्यांना वाटायचं, एजन्सीतली बाई भली आहे.
एकदा म्हणाले, मॅडम, आपकी तनख्वाह बढ़नी चाहिए.
एकदा म्हणाले, घरवाली नहीं रही,
अब एक सिलेंडर तीन महीने चल जाता है.
आणि थांबले.
मीही थांबले.
खरखर तेवढी चालू राहिली,
तिला काय कळणार.

एजन्सीनं स्वतःचा फोन केव्हाच काढून टाकला.
सगळं आता मोबाइलवर, मिस्ड कॉलवर.
आठ फिरवलं तर एक बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही.
म्हणजे इतकी वर्षं
चुकीचाच नंबर तेवढा लागत होता.

चौकोनात मी लिहिलं: वेग हवा.
खोटं नाही ते.
खालच्या ओळीत, कधीपासून बंद करावे,
तिथं बोटांवर मोजलं.
शेवटचा फोन चैत्रात. आता ज्येष्ठ लागलाय.
पुढच्या महिन्याची तीस तारीख घातली.

सिकरवारबाबूंनी चष्मा वर केला.
दोनों बिल भरेंगी?
भरीन.
तो फिर ये अभी घर ले जाइए.

टेम्पोत सात जणांत आठवी मी, मांडीवर पिशवी.
फालक्या बाजाराच्या वळणावर खड्डा आला
आणि मेथीखाली घंटी वाजली,
अर्धीच.
शेजारच्या माणसानं आपला खिसा चाचपला.