पापणीच्या आत

खालची पापणी अंगठ्यानं ओढली
की आतलं दिसतं.
आत पिकलं भिरंड फुटल्यासारखं असावं.
गोकुळी वेळीपच्या डोळ्यात
ताक होतं.

"सात पॉइंट दोन," मी म्हटलं.
ती हसली. "सिस्टर, म्हाका कितेंच जावंक ना.
चढ चढताना तेवढी बसते,
त्या दगडावर."

पावसाळ्याआधी ती वरच्या आंब्याखाली बसायची.
मग वळणावर.
आता दगडावर.
बसायची जागा दर महिन्याला
उताराच्या बाजूला सरकते आहे.

खाली रस्त्यावरून ट्रक जातात,
ताडपत्रीखाली लोखंडाचा दगड.
बार्जमधून मुरगावला, तिथून जहाजानं
कुणाकुणाच्या देशात.
मागे राहते ती धूळ:
केळीवर, दोरीवरच्या कपड्यांवर,
गोकुळीच्या भुवयांवर.
लोह हिच्या अंगावर आहे, अंगात नाही.
हे वाक्य सुचलं तेव्हा मी जरा खूश झाले.
मग लाज वाटली.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.

तीस गोळ्या दिल्या.
जेवल्यावर एक. चहाबरोबर नको.
वर लिंबू पिळून पाणी.
तिनं प्रत्येक वाक्याला मान हलवली,
इगर्जीत आलेल्या परक्या पाहुण्यासारखी.

मडगावला शिरेतून देतात.
त्यासाठी सातची कदंब, आली तर.
कुडचड्याला उतरायचं, दुसरी धरायची,
मडगावच्या स्टँडवरून तिसरी.
नंबर लागेतो बारा.
रिपोर्ट जुना झाला म्हणतात, नवा आणा,
आणि लॅब साडेअकराला बंद.
काजूच्या बागेतला एक रोज बुडतो,
शेळ्या दिवसभर गोठ्यात ओरडतात.
हे तिनं नाही सांगितलं.
मीच एकदा तिच्याबरोबर गेले होते.

पुढच्या महिन्यात सहा पॉइंट नऊ.
"गोळ्या?"
"सोंपल्यो."
परसात पोफळीला मिरवेल चढलेली.
बुंध्याशी माती उकरलेली,
मातीत विरघळलेले तांबडे ठिपके.

"पानं पिवळी पडत होती हिची," ती म्हणाली.
"तूच म्हणालीस ना, ताकद येते.
मला रिकाम्या पोटी मळमळतं.
पेज पोरांना पुरवून उरली तर जेवण,
आणि उरते त्या रात्री
मी आधीच झोपलेली असते."

मिरवेल हिरवीगार झाली होती.
मी खोटं का सांगू.

"मिरी विकली की पोरीचे बूट येतात.
माझ्या रक्ताचं काय येतं, सिस्टर?"

ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाचा तक्ता होता.
बाळ, आई, बाण, बाण, सुदृढ कुटुंब.
मी तो सांगितला नाही.
डबा उघडला.
चपाती, अळसाण्यांचं तोंडाक.
अर्धं तिच्या पुढ्यात सरकवलं.
ती आधी पोरीसाठी झाकून ठेवायला उठली.
मी हात धरला. हात गार होता.
खाल्लं तिनं, माझ्याकडे पाठ करून,
आणि माझ्यादेखत एक गोळी गिळली.

एकोणतीस उरल्या.
माझ्या ड्युटीला अजून अकरा वाडे आहेत.

उतरताना मी तिच्या दगडावर बसले.
दमले नव्हते.
बघायचं होतं,
तिथून तिचं घर
किती लांब दिसतं.