अर्थाची तार

नवी बॅटरी बसवून तासाभरावर झाला
आणि कोरोला तशीच.
किल्ली फिरवली की टक्.
एकच टक्,
दार ठोठावून कुणी निघून जावं तसं.

बॅटरीवर अजून किमतीचं लेबल:
एक हजार आठशे नव्वद नामिबियन डॉलर.
तेवढ्यात घरात काय काय आलं असतं
हे मी मोजत नाही. मोजून झालंय.

समुद्रावरून धुकं आलेलं, रोजच्यासारखं,
कुइसेबमोंडच्या पत्र्यांवर, दोरीवरच्या चादरींवर,
माझ्या पापण्यांवर.
वॉल्विस बेचं धुकं नुसतं ओलं नसतं,
जीभ बाहेर काढली तर मीठ लागतं.
फिशमीलच्या वासाबद्दल बोलायलाच नको.

मी सगळं केलं.
टर्मिनल पिळून पिळून आवळले,
फ्यूज एकेक काढून बल्बाकडे धरले,
गिअर न्यूट्रलला टाकून पाहिला,
बॉनेटवर थाप मारली, शिवी दिली,
मग माफी मागितली,
कारण साडेसहाला शिफ्ट.

पलीकडचा ओम दाविद आला,
चाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केलेला,
एक कान गेलेला,
दुसऱ्यावर पेन्सिल.
त्यानं काहीच विचारलं नाही.
मीटरच्या दोन सळया बॅटरीला टेकवल्या:
बारा पॉइंट सहा.
"ही जिवंत आहे."
मग लाल सळई होती तिथंच ठेवून
काळी इंजिनच्या बोल्टवर नेली
आणि मला म्हणाला, फिरव किल्ली.
टक्.
आकडा कोसळला. तीन पॉइंट काहीतरी.

"अर्थ नाही," ओम दाविद म्हणाला.
मला वाटलं, ह्या सगळ्यालाच म्हणतोय.
"अर्थाची तार गं. निगेटिव्हपासून इंजिनला जाते ती.
वीज निघते, पण परतायला रस्ता नाही तिला.
परतता येणार नसेल
तर निघेल कशाला?"

त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला
आणि बाहेर काढली ती:
बोटाएवढी तांब्याची वेणी,
हिरवी, पांढरी, फुलून आलेली.
चिमटीत धरताच पीठ झाली.
धुक्यानं खाल्लेली, किती वर्षं कोण जाणे;
धुकं चावताना दात दाखवत नाही.

वेल्डिंगच्या केबलचा तुकडा कापला,
बोल्ट सँडपेपरनं घासला, पार चकचकीत,
वर ग्रीस फासलं
लहान पोराच्या गुडघ्याला मलम लावावं तसं.

किल्ली.
गाडी अशी सुरू झाली
की चाकाशी झोपलेला कुत्रा पळाला.

"आणि जुनी बॅटरी?"
ऐकू गेलं नाही. चांगल्या कानाशी जाऊन ओरडले.
"तीही चांगलीच असणार, नदापेवा."
काल दुकानात भंगारात दिली मी ती,
शंभर डॉलर कमी करून घेतले,
आणि काउंटरवरच्या पोराला वर म्हटलं,
मेलीय, टाक तिकडे.

रस्ताभर हेडलाइट धुक्यात घुसत राहिले.
खाजणात फ्लेमिंगो उभे असतील, दिसले नाहीत.
फाटकाशी पोचले तरी
इंजिन बंद करायला हात धजेना.

तीन नंबरच्या लाइनवर
मार्चपर्यंत एरास्टस होता.
डबे तुंबायचे. मी लिहून दिलं, हात जड आहे.
त्याच्या जागी आलेली पोरगी चपळ, वाऱ्यासारखी.
डबे तुंबतात.

शिफ्ट लागायला चार मिनिटं होती.
मेन्टेनन्सच्या माणसाकडे टॉर्च मागितला.
कशाला, म्हणाला.
पट्ट्याखाली बघायचंय.