चौथं झाड

उडण्याआधी सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं:
बाबा, मी, साखरेचं पोतं,
कालाबोच्या दवाखान्यासाठी औषधांचे खोके,
आणि माझी पिशवी, तिच्यात बाबांची नवी चप्पल.
वैमानिक ब्वाल्याबाईंनी आकडे वहीत उतरवले
आणि बाबांना म्हणाल्या, तुम्ही पुढे बसा,
हलके आहात.

उजव्या डोळ्यावरची पट्टी कालच निघाली.
चार वर्षांनी एक डोळा उघडला,
दुसऱ्याची पाळी पुढच्या थंडीत.
डोळ्याला वारा लागू देऊ नका, डॉक्टर म्हणाले होते;
इथे तर काचेपलीकडे सगळा वाराच.

काफुए ओलांडताना बाबा बोलायला लागले,
आधी पुटपुटत,
अंधारात वल्हं चाचपावं तसे.
ती बघ हत्तींची वाट.
मला दिसली एक फिकट रेघ,
जळून काळ्या पडलेल्या गवतातून नदीकडे निघालेली,
टोकाशी सात ठिपके, एक मागे राहिलेला.
पिल्लू, मी म्हटलं.
"म्हातारी आहे ती. पिल्लू मधे चालतं."
एवढ्या उंचावरून. एका डोळ्याने.

रानरेड्यांचा कळप मला
चुलीपाशी सांडलेल्या बाजरीसारखा दिसला.
बाजरीवरून पांढरं काहीतरी उडालं
नि पुन्हा तिथेच बसलं.

आमची सावली खाली धावत होती, टिटवीएवढी.
ती लेच्वे हरणांवरून गेली
आणि कळप फुटला, दलदलीचं पाणी उडवत.
बाबांनी ब्वाल्याबाईंच्या दंडाला हात लावला.
त्यांना वाटलं मळमळतंय, कागदी पिशवी पुढे केली.
मी मागून ओरडून सांगितलं,
वर घ्या म्हणतायत, जनावरं भितात.
ब्वाल्याबाई हसल्या नाहीत.
विमानाचं नाक उचललं,
सावली बारीक होत होत दिसेनाशी झाली.

मग झांबेझी.
पूर ओसरत होता, जाता जाता तळी टाकत.
उंचवट्यांवरची गावं, ओल्या पाठीची कासवं.
होडीत उभं राहून कुणी जाळं झटकत होतं,
त्याने वर पाहिलं नाही.
लव्हाळ्यात पाणघोड्यांनी पाडलेल्या गल्ल्या,
बाबांनी उभी हयात होडी नेली त्यांतून.
"या सगळ्या एकाच डोहाला मिळतात की," ते म्हणाले,
"आणि मी त्याला तीन नावं देऊन बसलो."
स्वतःशीच हसले,
डोळा पुसायला गेले, मी हात धरला.

आमचा उंचवटा मी आधी ओळखला
आणि तोंड फिरवलं.
"एक," बाबा म्हणाले. "दोन. तीन."
बोट काचेवर थांबलं.

आईने लावलेले आंबे चार होते.
चौथा, तिला पुरलं त्याच्या जवळचा,
यंदाच्या नव्हे, गेल्याही नव्हे,
त्याआधीच्या पुरात मुळासकट गेला.
पाणी उतरल्यावर मी बाबांचा हात धरला,
त्यांचं स्टूल दुसऱ्या झाडाखाली नेलं,
म्हटलं, हेच ते, टेका पाठ.
ते टेकले.
रोज संध्याकाळी आईला गुरांची हालहवाल सांगायचे,
परक्या बुंध्याशी बसून.
मी शेजारी मासे साफ करत असायची.

इंजिनाचा आवाज इतका, की
गप्प राहणं सोपं होतं.
विमान कललं, आंबे काचेतून सरकून गेले.
पुष्कळ वेळाने बाबा म्हणाले,
"तरीच. दुपार झाली की ऊन पायांवर यायचं."
एवढंच. मागे वळले नाहीत.

धावपट्टीवर गुरं होती.
ब्वाल्याबाईंनी एक फेरी मारली, मग दुसरी,
पोरं काठ्या घेऊन धावली,
सगळी गुरं हटली, एक तांबडी गाय सोडून.
बाबा काचेला नाक लावून बघत होते.
"हिला मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले,
"हिच्या आईला पाहिलंय. मुबितांची.
तीही अशीच."

तिसऱ्या फेरीत आमची सावली
तिच्या पाठीवरून गेली.
तिने शेपूट झटकलं, माशी उडवावी तसं,
आणि चरत राहिली.