परतावा नाही

पहाटेचे साडेतीन. तिकडे आत्ता मध्यरात्र,
म्हणजे तिकडच्या रेल्वेची सप्टेंबरची एक नवी तारीख
आत्ता, या मिनिटाला उघडली.
हे लेकीने नाही सांगितलं, मीच शोधलं.
एकतीस वर्षं अजनीच्या आरक्षण खिडकीवर बसलेला माणूस
एवढं तरी शोधतोच.

कूलर घुरघुरतो. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास.
रत्नमाला चष्मा शोधत येते, चष्मा तिच्या डोक्यावर.
"लागलं का जी तिकीट?"
थांब. थांब जरा.

वहीत मी रकाने आखलेत.
वियेन्ना ते ड्रेस्डेन, प्रागवरून, गाडी एकच.
ऑस्ट्रियाच्या दुकानात माणशी त्र्याहत्तर युरो,
जर्मनीच्या दुकानात एकसष्ट,
आणि चेकच्या दुकानात
तीच गाडी, तोच डबा, खिडकीजवळची तीच जागा,
सत्तावीस.
तीनदा पुसून पाहिला मी मोबाइलचा काच.
आमच्याकडे तिकीट इटारसीत काढा की बल्लारशाला,
भाड्यात रुपयाचा फरक नसायचा,
आणि तो नसायचा याचा मला थोडा अभिमानच होता.

पुढची गंमत अशी की सरहद्दीवरच्या गावी
तिकीट तोडलं तर आणखी चार युरो उतरतात.
डेचिन नावाचं स्टेशन. खाली उतरायचं नाही,
डबा उघडायचा नाही, पोळी खात बसायचं;
फक्त कागदावर आपण डेचिनला संपायचं
आणि डेचिनलाच पुन्हा सुरू व्हायचं.
मी जन्मभर लोकांना उलटं सांगत आलो,
काका, तोडू नका, सलग काढा,
जितकं लांब जाल तितका किलोमीटर स्वस्त पडतो.
नुसतं दरपत्रकातलं बोलत नव्हतो मी तेव्हा.

मग खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, अट.
याच दिवशी. याच गाडीने. याच नावाने.
परतावा नाही.

इथे माझं बोट थांबलं.
सहा नंबरच्या खिडकीवर मी नऊ वर्षं परतावे दिले.
किती तास आधी किती कापायचे, अजून झोपेत सांगेन.
कारण विचारायची पद्धत नव्हती,
तरी लोक सांगायचे.
लग्न मोडलं साहेब.
पेपर पुढे ढकलला.
एकाने दोन तिकिटं सरकवली, म्हणाला, एकच रद्द करा,
आणि कोणतं ते सांगेना. मागे रांग वाढत गेली.

फेब्रुवारीत माझ्या छातीत एक स्प्रिंग बसवली.
सप्टेंबर चार महिन्यांवर.
महाग तिकीट घेतलं तर आदल्या दिवसापर्यंत
माघार घेता येते. हिशोबाने तेच शहाणपणाचं,
असं मी रत्नमालेला म्हटलं,
फक्त हिशोबाने, असंही म्हटलं.

तिने वही ओढली. रकाने पाहिले.
"दोघांचे मिळून किती वाचते?"
ब्याण्णव युरो. तोडलं तर शंभर.
"मंग तोडा."
अगं पण नाही जमलं तर
"तं नाही जमलं. सत्तावीस रुपये गेले."
युरो.
"तेच ते."

माझा हात बाजूला करून तिनेच नावं भरली,
पासपोर्टवर आहेत तशी, एकेक अक्षर शोधत,
माझ्या नावात एक वाय जास्तीचा पडला, तो खोडला,
आणि ओटीपी आला तेव्हा घड्याळात तीन एक्कावन्न झाले होते.
दूर शेडमध्ये इंजिनाने एकदा भोंगा दिला.

तिकीट आलं. चार तिकिटं खरं तर,
दोन डेचिनपर्यंत, दोन डेचिनपासून.
"आता झोपा," ती म्हणाली, "आणि सकाळची गोळी चुकवू नका."

ती गेल्यावरही मी बसून होतो.
सवयीने उजवा हात टेबलाच्या खणाकडे गेला होता,
सुट्टे परत द्यायला.