महिरपी कंसात

मेल्विना म्हणाली, आधी वाक्य तीन तुकड्यांत मोडा.
हे रोप. सापडलं. शिवडीला.
कर्ता, मग नातं, मग ज्याच्याशी नातं ते,
आणि शेवटी टिंब.
टिंब विसरलात मॅडम, तर मशीन तिथेच हट्ट धरून बसतं.

मी बावन्न वर्षांची. कॉलेजच्या वनस्पती-संग्रहात
तेवीस वर्षं वाळकी पानं कागदांना चिकटवली,
डांबरगोळ्यांनी नाकाचं वाटोळं केलं.
मेल्विना गोराईची, सहा महिन्यांच्या करारावर,
रोज खाडी ओलांडून येते,
डब्यात सुकटीचं काहीतरी.

जे माहीत नाही, त्याच्या आधी प्रश्नचिन्ह लावायचं,
हे मला आवडलं.
शाळेत ते शेवटी यायचं, सगळं बोलून झाल्यावर.
इथे आधीच कबुली:
?ठिकाण ?साल ?कोण

पहिल्या दिवशी मी दोन ओळी जोडायला विसरले
आणि प्रत्येक रोप प्रत्येक गावाला जाऊन आलं;
साडेचार लाख उत्तरं.
दुसऱ्या दिवशी शून्य.
शिवडी आमच्याकडे तीन स्पेलिंगांत राहत होती,
तिघी एकमेकींना ओळखत नव्हत्या.
'ही तीच' अशी ओळ लिहून त्यांची गाठ घालून दिली.
जपून हं, मेल्विना म्हणाली,
सारखं आणि तेच, यात घोळ झाला
की बघता बघता सगळं जग एकच होऊन बसतं.

मग तो कागद आला. तिवर, १९११.
गोळा करणारा: क्रॉफ्टन.
कडेला मोडीत, पेन्सिलीने: होडी, दोन आणे.

म्हणजे होडी होती. वल्हवणारा होता.
फांदीही बहुधा त्यानेच तोडली,
गुडघाभर चिखलात उतरून.
मी महिरपी कंस उघडला:
?कोण — उतरला — या चिखलात .
शून्य ओळी.

शून्य म्हणजे नाही असं नाही,
मेल्विना डबा उघडत म्हणाली,
शून्य म्हणजे कुणी सांगितलेलं नाही.

पण नावच नसेल तर?
नसू दे. कोरी गाठ टाका.
खाली एक आडवी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, पुढे कुठलंही अक्षर.
कुणीतरी आहे, एवढंच सांगायचं.

सहा वाजता, शिपाई किल्ल्या वाजवत उभा असताना,
मी लिहिलं:
हे तिवर — आणून दिलं — _:क .
_:क — घेतले — दोन आणे .
_:क — वय —
इथे थांबले. ती ओळ खोडली.
पुन्हा विचारलं.

एक ओळ आली.
नावाच्या रकान्यात काही नव्हतं.
रकाना होता.

मेल्विना माझ्या खांद्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली, दोन आणे
जाऊन-येऊन, की नुसते जायचे?