कर्ता

इनास सांगतो, पोर्तुगीजमध्ये कर्ता
बहुतेकदा आधी येतो, कधी क्रियापदामागून,
आणि कधी येतच नाही.
नुसतं 'शेगो' म्हटलं की झालं.
आला, आली, आलं,
काय ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.

कोर्लईच्या ओल्या वाळूत काडीने लिहितो.
लिस्बनला जाऊन भांडी घासायला
एवढं व्याकरण कशाला,
मी विचारत नाही.

वलांडीपाशी त्याची वहिनी, रेजिना,
बोंबील कधीचे सुकलेत, तरी चाचपते आहे.
घरातला कर्ता चार रात्री समुद्रात.

खाडीच्या तोंडाशी दिवा हलला.
धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं,
"आली!"

आली म्हणजे होडी.
आमच्या भाषेत एवढं तरी कळतं.

इनासने काडी टाकली.
रेजिना हलली नाही,
पुढचं क्रियापद ऐकू येईपर्यंत.