दहापेक्षा कमी

सहावी सुई टोचताना
गेडाम सिस्टर म्हणाल्या, आता तरी लागू पड गं.
लशीला म्हणाल्या, मला नाही.

अहवाल आला एका ओळीचा:
दहापेक्षा कमी.
आजवर इतके कमी गुण
मला कशातच मिळाले नव्हते.

मेडिकलच्या विद्यार्थी विभागात
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास
आणि निनावे बाबूंच्या तक्त्यात दोनच रकाने,
आहे, नाही.
'नाही'वर खूण केली की वॉर्ड बंद.
मी सहाही तारखा दाखवल्या, शिक्क्यांसकट.
"टोचलं थे खरं व पोरी,
पन लागू पडलं कुठी?"

काय सांगू,
की माझ्या रक्ताला ओळखच पटत नाही?
सहा वेळा दाराशी येऊन गेलेल्याला
ते सातव्यांदाही विचारेल,
आपण कोण?

सक्करदऱ्याला घरी आई म्हणाली,
अजून एक घेऊन टाक, कोन मोजून रायलं.
मोजून रायले ना, आई.
तेच तर.

दीड महिन्याने डीन ऑफिसचं पत्र निघालं.
त्यात माझं नाव, आणि पुढे
'प्रतिसाद न देणारी'.
निनावे बाबूंनी पट्टी घेतली,
पेनाने तिसरा रकाना आखला,
जरासा वाकडा.

आज पहिल्यांदा रक्त काढायचं.
हातमोजे दोन, एकावर एक,
आत बोटं घामेजलेली.
सुई टोचली तर चोवीस तासांच्या आत
कुठे धावायचं, कुणाला उठवायचं,
सगळं पाठ.

अकरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा
माझ्या हाताकडे बघत होते.
"घाबरली काय व?"
हो म्हटलं.
त्यांनी बाही वर सारली.
"मंग दोघंही घाबरू.
टोच."